कापूस-तूर घरात आली का सुरिनाम: ट्रिप कशी आखायची ते सांगतो

विदेशात फिरायला जायचं म्हटलं का आपल्या इकडल्या लोकांचं ठरलेलं असते, दुबई नाहीतर थायलंड, अन् तेही टूरवाल्याच्या मागं मागं, काहून तर इंग्रजी येत नाही. मी तालुक्याच्या गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, पासपोर्टचे पण, त्यामुळे हे मी रोज ऐकतो. पैसा आहे, वावर विकायचं नाही कर्ज काढायचं नाही, पोरं नोकरीले लागली, अन् नवरा-बायकोले एकदा दूर कुठंतरी जाऊन यावंसं वाटते, पण तोंड उघडायची भीती. अशा लोकांना मी सुरिनाम सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेला, अटलांटिक समुद्राला लागून असलेला छोटा देश, एका बाजूनं गयाना, दुसऱ्या बाजूनं फ्रेंच गयाना, खाली ब्राझील. आणि तिथल्या शंभर माणसांतली सत्तावीसेक माणसं आपल्या भारतातून गेलेल्या लोकांची नातवंडं-पणतवंडं आहेत.

हे कसं झालं ते जायच्या आधी माहीत असू द्या, नाहीतर तिथं जाऊन नुसते फोटो काढून याल. सुरिनाम डच लोकांच्या ताब्यात होता, उसाचे मळे गुलामांच्या जिवावर चालायचे. १८६३ मध्ये गुलामी बंद झाली, पुढची दहा वर्षं त्या लोकांना जबरदस्तीनं मळ्यावरच राबवलं, आणि ते दहा वर्षं संपता संपता डचांनी इंग्रजांशी करार करून आपल्याकडून मजूर न्यायला सुरुवात केली. पहिलं जहाज लाला रूख, कलकत्त्याहून निघालं आणि ५ जून १८७३ ला तिथं लागलं. १९१६ पर्यंत अशी ६४ जहाजं गेली, चौतीस हजाराच्या आसपास माणसं, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, पाच वर्षांच्या करारावर. काही परतले, जास्त तिथंच राहिले. ते लोक घरी जी भाषा बोलतात तिला सरनामी म्हणतात, भोजपुरी-अवधीच्या वळणाची. आपल्या विदर्भातल्या माणसाला हिंदी तर येतेच, सावकाश हिंदी बोललं का तिथली वयस्कर मंडळी बरोबर समजतात आणि तुम्हालाही त्यांचं अर्ध्याच्या वर समजते. तरुण पोरं मात्र जास्त डच बोलतात, सरकारी भाषा डचच आहे, आणि बाजारात सगळ्या जातीधर्माची माणसं एकमेकांशी स्रानन तोंगो नावाची भाषा बोलतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी हिंदी चालेलच असं धरून चालू नका, पण अडलं तर विचारायला कोणीतरी भेटतेच भेटते. दुसऱ्या कोणत्या एवढ्या दूरच्या देशात हे होईल सांगा.

आता मुद्द्याचं, कधी जायचं. तिथं वर्षाला दोन पावसाळे असतात. मोठा पावसाळा एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, छोटा डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि मधले दोन कोरडे. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा मोठा कोरडा काळ, बहुतेक माहितीत तोच चांगला म्हणून सांगतात, पण तेव्हा आपलं काय चालू असते? सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची पहिली वेचणी, मजूर भेटून नाही राहिले म्हणून घरचा माणूस वावरातून हलू शकत नाही. त्यामुळे आपल्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य, हाच काळ. तूर निघालेली असते, कापूस बहुतेक विकलेला असतो, चना-गहू असेल तर तेवढं पाहून तारीख धरा. तिथं तेव्हा छोटा कोरडा काळ असतो, नद्यांना पाणी असते म्हणून आतल्या भागात होडी नीट जाते, कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर यायला लागलेली असतात, आणि होळी येते. तिथं होळीला फगवा म्हणतात आणि त्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी असते, हिंदू-मुसलमान-ख्रिश्चन सगळे रस्त्यावर रंग खेळतात. होळीच्या तीन-चार दिवस आधी पोचायचं असं ठरवूनच तिकीट पाहा, माझं स्पष्ट मत आहे. ऊन आपल्यासारखं चाळीस-पंचेचाळीसचं नसते, तिशीच्या वरखालीच, पण दमट लय असते, अंगाला कपडा चिकटते.

कागदपत्रांचं काम सहा महिने आधी हातात घ्या, म्हणजे पोळ्याच्या सुमाराला. पासपोर्ट नसेल तर आधी तो. आता त्यासाठी नागपूरलाच जावं लागते असं नाही, बऱ्याच जिल्ह्यांत पोस्ट ऑफिसमध्ये पासपोर्ट केंद्र झालं आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. आधार कार्डवरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव हे एकसारखं आहे का ते आधी पाहा, बायांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव इथंच अर्धी प्रकरणं अडकतात. पोलीस व्हेरिफिकेशनला ठाण्यातून फोन येते तेव्हा घरी राहा. पासपोर्ट आधीचाच असेल तर परतीच्या तारखेपासून पुढं सहा महिने तरी चालू असला पाहिजे.

सुरिनामनं २०२२ पासून बऱ्याच देशांच्या पर्यटकांसाठी जुना व्हिसा काढून ऑनलाइन एन्ट्री फी भरायची पद्धत सुरू केली. हे नियम मागंपुढं होत राहतात, म्हणून कोण्या व्हिडिओवर विश्वास न ठेवता तिकीट काढायच्या आठवड्यात दिल्लीतल्या सुरिनामच्या दूतावासाला ईमेल करा आणि उत्तराची प्रिंट सोबत ठेवा, भारतीय पासपोर्टवर, पर्यटनासाठी, इतके दिवस, असं सरळ लिहून विचारायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिवळ्या तापाची लस. यलो फीवर म्हणतात तो. सुरिनाम हा त्या तापाचा देश म्हणून भारत सरकारच्या यादीत आहे, म्हणजे तिकडून परत येताना तुमच्याकडं लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबई-दिल्ली विमानतळावर तुम्हाला घरी सोडत नाहीत, सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस एकदाच घ्यायची, जन्मभर चालते, पण कार्ड लागू होते घेतल्यावर दहा दिवसांनी. आपल्या पीएचसीत किंवा गावातल्या डॉक्टरकडं ही लस भेटत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच भेटते, त्याची यादी केंद्राच्या आरोग्य खात्याच्या साइटवर आहे, मुंबईत तर केंद्रं आहेतच. केंद्राचे वार ठरलेले असतात आणि आधी नंबर लावावा लागते, कारण लसीची बाटली एकदा फोडली का काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते माणसं जमवून एकाच वेळी देतात. पासपोर्ट सोबत न्या, नंबर कार्डावर लिहितात. अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदर असाल, कॅन्सर वगैरेची ट्रीटमेंट चालू असेल तर आधी डॉक्टरशी बोला, आणि साठीच्या वरच्या माणसानं तर बोलायचंच बोलायचं, कारण त्या वयात या लसीचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. आई-बाबांना घेऊन जायचं ठरवलं असेल तर तिकिटाच्या आधी हे काम करा, तिकिटाच्या नंतर नाही.

तिकीट. भारतातून सरळ विमान नाही. सोपा रस्ता म्हणजे नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून ॲमस्टरडॅम, आणि ॲमस्टरडॅमहून पॅरामारिबो, जे सुरिनामची राजधानी आहे. शेवटचा टप्पाच नऊ तासांच्या आसपास आहे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, स्वस्त दिसते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. एकाच तिकिटावर बॅग सरळ पुढं जाते आणि तुम्ही विमानतळाच्या आतच राहता, वेगळ्या तिकिटावर बाहेर येऊन पुन्हा बॅग टाकावी लागली तर युरोपचा शेंगेन व्हिसा लागते, आणि तो नसेल तर मुंबईलाच विमानात चढू देत नाहीत. अमेरिकेवरून जाणारी तिकिटं दिसतात पण अमेरिकेचा व्हिसा नुसतं विमान बदलायला पण लागते, म्हणून ती सोडून द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲमस्टरडॅम थंड असते, एक स्वेटर हातातल्या बॅगेत. आणि एकूण खर्चात सगळ्यात मोठा घास हे तिकीटच घेते, म्हणून चार दिवसांसाठी तिकडं जाऊ नका, येणं-जाणं धरून दोन आठवडे काढता येत असतील तरच जा. सुरिनामचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागं आहे, पोचल्यावर पहिला दिवस झोपेतच जाते, त्या दिवशी काही बुक करू नका.

बऱ्याच जणांचा एक गैरसमज आधीच दूर करतो. समुद्रकाठचा देश म्हटलं का गोव्यासारखी वाळू डोळ्यापुढं येते. सुरिनामचा किनारा तसा नाही. ॲमेझॉन नदी जो गाळ समुद्रात आणून टाकते तो पाण्याच्या प्रवाहासोबत वाहत वाहत या किनाऱ्याला येऊन बसते, म्हणून पाणी गढूळ, काठावर चिखल आणि खारफुटीचं जंगल. समुद्रात डुंबायचं असेल तर दुसरा देश पाहा. इथं पाहायचं ते नदी, जंगल आणि माणसं. देश आपल्या विदर्भाच्या दीडपटीहून मोठा, एक लाख त्रेसष्ट हजार चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या फक्त सहा लाखांच्या घरात, नव्वद टक्क्यांच्या वर जंगल. हे एकदा डोक्यात बसलं का ट्रिप कशी आखायची ते आपोआप समजते, शहरात चार-पाच रात्री, नदीच्या आत तीन रात्री, कासवांसाठी एक-दोन, बाकीचे दिवस मोकळे.

पॅरामारिबोला विमानतळ शहरापासून पंचेचाळीस किलोमीटर लांब आहे, झांडराय नावाच्या गावाला. हॉटेलवाल्याला आधीच गाडी पाठवायला सांगा. राहायला जुन्या शहरात किंवा त्याच्या जवळ पाहा म्हणजे पायी फिरता येते. लाकडाची पांढरी घरं, विटांचं जोतं, डच वळणाची पण तिथल्या हवेला जमेल अशी बांधलेली, या जुन्या शहराला २००२ पासून युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा आहे. नदीकाठचा वॉटरकांट, झीलँडिया किल्ला, लाकडात बांधलेलं सेंट पीटर आणि पॉलचं मोठं चर्च, हे एका सकाळीत होते. पण काईझरस्ट्राट नावाच्या रस्त्यावर निवांत जा. तिथं मशीद आणि ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ एकमेकाच्या शेजारी उभे आहेत. मी लय वेळ तिथं उभा राहिलो होतो आणि तुम्ही पण राहा. बाबा अन् माय यांचा पुतळाही पाहा, डोक्यावर-हातात गाठोडं घेऊन उतरलेल्या पहिल्या मजुरांच्या आठवणीत उभारलेला. आर्य समाजाचं आर्य दिवाकर मंदिर मोठं आहे, तिथं वेळ विचारून जा, कोणी बोलतं करणारा भेटला तर त्याच्या पणजोबाचं गाव विचारा, बहुतेकांना जिल्हा तरी माहीत असते. रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात लोक पिंजऱ्यात पक्षी आणून त्यांच्या गाण्याची स्पर्धा लावतात, तेही पाहून घ्या. शहरातल्या छोट्या खाजगी बसेसवर हिंदी हिरो-हिरोइनींची चित्रं रंगवलेली दिसतील. दिवसा बसनं फिरा, रात्री टॅक्सी करा, अंधारात पायी नको.

खाण्याची चिंता करू नका. डाळ भरलेली रोटी, त्यासोबत कोंबडीचा रस्सा, बटाटा, बरबटीच्या शेंगांची भाजी, उकडलेलं अंडं, याला तिथं नुसतं रोटी म्हणतात आणि सगळ्या जातीची माणसं खातात. शाकाहारी असाल तर भाजीची रोटी मागा, भेटते. रस्त्यावर बारा भेटते, आपल्या वड्याच्या जातीतलं. १८९० पासून डचांनी जावा बेटावरूनही मजूर आणले, त्यामुळे जावानी लोकांच्या खानावळी आहेत, ब्लाउग्रोंड भागात जा, बामी म्हणजे नूडल्स, नासी म्हणजे भात, आणि सावतो सूप खा. मादाम जानेट नावाची पिवळी मिरची मात्र जपून, सावजीच्या रस्श्यावर वाढलेला माणूस पण घामाघूम होते.

शहराच्या पलीकडं, नदी ओलांडून कॉमेवाइना जिल्हा आहे, जुन्या मळ्यांचा. इथं एक पूर्ण दिवस द्या, आणि शक्य असेल तर सायकल भाड्यानं घ्या, रस्ते एकदम सपाट आहेत, सायकल छोट्या होडीत घालून पलीकडं नेता येते. पेपरपॉट हा जुना कॉफी-कोकोचा मळा, आता तिथं माकडं आणि पक्षी पाहायला जातात. न्यू ॲमस्टरडॅमचा किल्ला पाहा. आणि मारियेनबुर्ग सोडू नका. साखर कारखाना होता, १८८२ ला सुरू झालेला, आता गंजून पडला आहे, झाडं यंत्रांच्या आतून वर गेली आहेत. १९०२ मध्ये मजुरीवरून इथले हिंदुस्थानी मजूर उठले, मॅनेजर मारला गेला, मग सैनिकांनी गोळ्या घातल्या आणि मेलेल्यांना एकत्रच पुरलं. त्यांचं स्मारक आहे तिथं. टूरवाले कारखाना दाखवून पुढं पळवतात, त्यांना थांबवा, दोन फुलं घेऊन जा. संध्याकाळी लिओन्सबर्गच्या धक्क्यावरून होड्या निघतात, नदी जिथं समुद्राला भेटते त्या भागात डॉल्फिन दिसतात.

मग आतला भाग, ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट. पॅरामारिबोहून दक्षिणेला गाडीनं तीन-चार तास गेलं का अटजोनीला रस्ता संपतो, पुढं लांबुळक्या लाकडी होडीत बसून सुरिनाम नदीनं वर जायचं. काठावर सारामाका लोकांची गावं आहेत. मळ्यांतून पळून जंगलात गेलेल्या आफ्रिकन गुलामांचे हे वंशज, यांनी डचांशी इतकी वर्षं लढाई केली का शेवटी १७६२ मध्ये डचांना तह करून त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. नदीकाठी लाकडी खोल्यांचे लॉज आहेत, तीन रात्रीचं पॅकेज घ्या ज्यात गाडी, होडी, जेवण, गाइड सगळं येते, हे एकट्यानं जुळवायच्या भानगडीत पडू नका. बुक करताना शाकाहारी आहो हे लिहून कळवा, तिथं दुकान नसते, ऐनवेळी सांगून काही होत नाही, शेंगदाण्याची चटणी डब्यात असू द्या. गावात गेल्यावर विचारल्याशिवाय फोटो काढू नका, विशेषतः देवाच्या जागेचे आणि बाया-पोरांचे. पिकिन स्ले गावात त्या लोकांनी स्वतः उभं केलेलं म्युझियम आहे.

याच रस्त्यावर ब्रोकोपोंडोचा जलाशय लागते, त्याच्या वर ब्राउन्सबर्गचं पठार, चारपाचशे मीटर उंच, तिथून खालचं पाणी दिसते आणि पाण्यातून वर आलेली मेलेल्या झाडांची खोडं. साठच्या दशकात ॲल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी अफोबाकाला धरण बांधलं, जंगल न तोडता तसंच बुडवलं आणि सारामाकांची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. गोसीखुर्द धरणात बुडालेली गावं ज्यांनी पाहिली त्यांना ते पाणी नुसतं सुंदर दिसणार नाही. गाइडला त्या गावांबद्दल विचारा, सांगतात ते लोक.

कासवांसाठी गालिबी, देशाच्या पूर्व टोकाला, मारोवाइना नदीच्या मुखाशी. अल्बिनापर्यंत गाडी, पुढं होडी. रात्री किनाऱ्यावर हिरवी कासवं येतात, मार्चमध्ये तीच जास्त, लेदरबॅक नावाची महाकाय कासवं एप्रिलनंतर वाढतात. टॉर्च, फ्लॅश बंद म्हणजे बंद, कासव घाबरून अंडी न घालता परत जाते. अल्बिनाच्या समोर नदीपलीकडं फ्रेंच गयाना दिसते, होडीवाला सहज नेतो म्हणतो, जाऊ नका, तो फ्रान्सचा भाग आहे आणि व्हिसा वेगळा लागते.

पैशाचं म्हणाल तर तिथं सुरिनामी डॉलर चालते, आपला रुपया कोणी घेत नाही. तालुक्याच्या बँकेत परकीय चलन भेटत नाही, नागपूरला अधिकृत ठिकाणाहून युरो किंवा अमेरिकन डॉलर घ्या, नोटा स्वच्छ, न फाटलेल्या, छोट्या पण मोठ्या पण. तिथं चलन बदलायच्या दुकानाला काम्बियो म्हणतात, जरूर तेवढंच बदला. कार्ड शहरात चालते, आत जंगलात फक्त रोख. सिम टेलेसुर किंवा डिजिसेलचं घ्या, आतल्या भागात नेटवर्क येते-जाते म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा का दोन-तीन दिवस फोन नाही लागला तर घाबरू नका. वीज तिथं १२७ व्होल्टची आहे, मोबाइलचा चार्जर चालते, आपली पाणी तापवायची कॉइल नीट चालत नाही, आणि पिन गोल दोन टोकांची लागते. मच्छर लय, डेंगू आहे, पूर्ण बाहीचे सुती कपडे आणि मच्छराचं मलम न्या, बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या अधिक आठवडाभराच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. प्रवास विमा काढा, त्यात जंगलातून दवाखान्यात आणायचा खर्च आहे का ते वाचून पाहा. पॅरामारिबोमध्ये भारताचा दूतावास आहे, त्याचा नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडं लिहा. गाडी भाड्यानं घेणार असाल तर तिथं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवतात, ते एक बरं आहे.

फगव्याला पांढरे जुने कपडे न्यायचे, ते तिथंच कोणाला तरी देऊन यायचे म्हणजे बॅगेत जागा होते. आणि परत येताना पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, कारण ते बॅग भेटायच्या आधीच पाहतात.